गांडीव का गळालं?

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचं तोंड कोरडं पडलं, अंगाला कंप सुटला, काटा उभा राहिला, त्वचेची आग होऊ लागली आणि हातातून गांडीव निसटू लागलं. गीतेच्या पहिल्या अध्यायातलं हे वर्णन कोणत्याही शरीरशास्त्रज्ञाला ओळखीचं वाटेल. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली मांडलं, की धोका जाणवताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. अॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, लाळ आटते.

पण अर्जुनापुढे धोका नेमका कोणता होता?

मरणाचा म्हणावा, तर विराटपर्व आडवं येतं. गोग्रहणाच्या वेळी, म्हणजे कौरवांनी विराट राजाच्या गाई पळवल्या तेव्हा, हेच भीष्म, हेच द्रोण, हाच कर्ण समोर होते आणि अर्जुन एकटा. तेव्हा थरथरला तो राजपुत्र उत्तर. कौरवसेना पाहताच तो रथातून उडी टाकून पळत सुटला. अर्जुनाने त्याला धावत जाऊन धरलं, धीर दिला, सारथी केलं. गाई सोडवल्या आणि शेवटी संमोहनास्त्राने कौरववीरांना बेशुद्ध केलं. कुरुक्षेत्रावर माणसं तीच, धनुष्यही तेच. आता मात्र पितामहांना आणि गुरूंना ठार करायचं होतं.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत एकच अस्वस्थ करणारी फिल्म वेगवेगळ्या निवेदनासह दाखवली गेली. निवेदन बदललं, तसा प्रेक्षकांच्या शरीराचा प्रतिसादही बदलला. आपण घटनेचा जो अर्थ लावतो, त्याने शरीर हादरतं.

म्हणून अर्जुनाच्या कंपाला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. ज्ञानेश्वरांनी ते अचूक ओळखलं. १२९०च्या ज्ञानेश्वरीत ते भुंग्याचा दाखला देतात: कसलंही कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकला, तर प्राण देईल, पण पाकळी चिरणार नाही.

कृष्णाने आधी खडसावलं, दुबळेपणा टाकून ऊठ म्हणून. उपयोग झाला नाही. लढणार नाही, एवढं सांगून अर्जुन गप्प बसला. गीतेचं सगळं तत्त्वज्ञान त्या मौनानंतरचं आहे. अठराव्या अध्यायात तो मोह गेल्याचं सांगतो, शस्त्रही उचलतो. मात्र ज्ञान झालं की जीव गुंतायचा थांबतो, असं महाभारत मानत नाही. भीष्मांपुढे त्याचा हात सैलच पडत राहिला. इतका, की युद्धाच्या तिसऱ्या आणि नवव्या दिवशी कृष्ण स्वतःच रथातून उतरून भीष्मांवर धावून गेला, आणि दोन्ही वेळा अर्जुनानेच मागून धावत जाऊन त्याला अडवलं.