निवळणे आणि निर्मळ होणे

पावा नगरीत चुंद नावाच्या गृहस्थाकडे जेवण झाल्यावर भगवान बुद्धांना रक्ताची हगवण लागली आणि त्याच अवस्थेत ते कुशीनारेच्या वाटेला लागले. वाटेत एका झाडाखाली टेकून त्यांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितले. जवळच एक ओहोळ होता, पण नुकत्याच पाचशे गाड्या त्यातून पार झाल्या होत्या आणि चाकांनी पाणी ढवळून निघाले होते. ककुत्था नदी फार लांब नाही, तिथे स्वच्छ पाणी मिळेल, असे आनंदाने सुचवले. बुद्धांनी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आनंद पात्र घेऊन गेला आणि बघतो तर ओहोळ नितळ वाहत होता.

‘महापरिनिब्बानसुत्ता’तला हा प्रसंग आता प्रवचनांतून आणि बोधकथांच्या पुस्तकांतून वेगळ्याच रूपात सांगितला जातो. त्यात बुद्ध शिष्याला काठावर थांबायला सांगतात, हळूहळू गाळ तळाशी बसतो, आणि मनालाही असेच सोडून दिले की ते आपोआप निवळते, असा बोध निघतो. मूळ सुत्तात हा बोध नाही. आनंद त्या घटनेकडे तथागतांचे, म्हणजे बुद्धांचे, सामर्थ्य म्हणून पाहतो, चकित होतो आणि कथा पुढे सरकते. नंतर जोडलेला बोध अगदीच खोटा नाही, पण तो अर्धा आहे. मराठीत पाणी निवळते, आभाळ निवळते, रागावलेला माणूसही निवळतो. निर्मळ होणे मात्र वेगळे. निवळलेल्या पाण्यात मळ तळाशी असतो, निर्मळ पाण्यात तो नसतोच. बौद्ध परंपरेने मनाच्या मळाचा जो विचार केला, तो या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

हे अंतर लखनौत गोमतीच्या काठी डोळ्यांनी पाहता येते. गोमती हिमनदीतून निघालेली नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या गोमत तालापासून ती सुरू होते आणि जमिनीतल्या झऱ्यांवर व पावसावर वाहते. म्हणजे तिचे मूळचे पाणी भुईतून पाझरून, गाळून आलेले असते. लखनौत तिला कुकरैलसारखे नाले येऊन मिळतात, बंधाऱ्यामुळे प्रवाह मंदावतो आणि साचल्या पाण्यावर जलपर्णी पसरते. पावसाळ्यात कुडिया घाटावर तांब्या भरून घेतला तर पाणी मातकट दिसते. तो तांब्या तासभर हलवू नये. तळाशी मातीचा थर बसतो आणि वरचे पाणी बरेच नितळ होते. पण नाल्यातून आलेले जे पाण्यात विरघळले आहे ते कितीही वेळ ठेवले तरी खाली बसत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. ते पाणी निवळले, पण पिण्याजोगे झाले नाही.

गोमतीच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे आणि बौद्ध विचारात तिला मोठे स्थान आहे. दोष पाण्याचा नाही, मळ बाहेरून आला. ‘अंगुत्तरनिकाया’च्या पहिल्याच विभागात चित्ताला प्रभास्वर, म्हणजे स्वभावतः उजळ म्हटले आहे आणि उपक्लेशांना, म्हणजे त्याला लागणाऱ्या मळांना, आगंतुक, म्हणजे पाहुणे. पाहुणा घरात कितीही दिवस मुक्काम ठोकून राहिला तरी तो घराचा मालक होत नाही. चित्तशुद्धीची सगळी खटपट या एका गृहीतावर उभी आहे. मळ जर मनाचा स्वभावच असता, तर त्याला धुण्यात काही अर्थ उरला नसता.

मळाचे प्रकार सांगताना बुद्धांनी पाण्याचाच आधार घेतला आणि तो श्रावस्तीत घेतला. श्रावस्ती म्हणजे आजचे सहेट-महेट, लखनौपासून दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर, अचिरावतीच्या म्हणजे राप्तीच्या खोऱ्यात. बुद्धांचे सर्वाधिक वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले मुक्काम, याच नगरीत झाले असे परंपरा मानते. तिथे संगारव नावाच्या ब्राह्मणाने त्यांना एक अगदी व्यवहारी प्रश्न विचारला: वर्षानुवर्षे घोकलेले मंत्र कधी कधी ऐन वेळी आठवत नाहीत, आणि कधी न घोकलेलेही सहज आठवतात, हे कशामुळे? प्रश्न मोक्षाचा नव्हता, स्मरणशक्तीचा होता. परीक्षेला बसणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याने तो आजही विचारावा. उत्तरात बुद्धांनी पाण्याची पाच भांडी पुढे मांडली. चांगली दृष्टी असलेला माणूस त्यांत आपला चेहरा पाहू गेला तर त्याला काय दिसेल, एवढाच मुद्दा.

पहिल्या भांड्यातल्या पाण्यात लाख, हळद, नीळ किंवा मंजिष्ठा कालवलेली आहे. हे कामच्छंदाचे, विषयांच्या ओढीचे भांडे. दुसरे चुलीवर खदखदते आहे, तो व्यापाद, म्हणजे द्वेष. तिसऱ्यावर शेवाळ आणि पाणवनस्पतींचा थर आहे, ते स्त्यान-मिद्ध, म्हणजे मनाची मरगळ आणि सुस्ती. चौथे वाऱ्याने हिंदकळते आहे, ते औद्धत्य-कौकृत्य, म्हणजे अस्वस्थपणा आणि केल्या-न केल्याची चुटपुट. पाचवे गढूळ आहे आणि वर अंधारात ठेवले आहे, ती विचिकित्सा, म्हणजे कुठेच पाय रोवू न देणारी शंका. या पाचांना पालीत नीवरण म्हणतात. मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते, कारण आपल्याकडे निवारण म्हणजे दूर करणे. पालीतले नीवरण नेमके उलटे आहे: झाकणारे, अडवणारे आवरण.

आता थांबले की निवळते हा प्रचलित बोध या पाच भांड्यांना लावून पाहावा. रंगवलेले पाणी वर्षभर ठेवले तरी रंगीतच राहते. उकळते पाणी खालचा जाळ ओढल्याशिवाय थंड होत नाही. शेवाळाच्या भांड्याला तर थांबणेच मारक आहे. जितके थांबावे तितके शेवाळ माजते, हे जलपर्णीने झाकलेल्या कोणत्याही नदीकाठी कळते. फक्त वाऱ्याचे भांडे आडोशाला ठेवून स्वस्थ बसले की काम होते. गढूळ भांड्यातला गाळ बसेल, पण ते उजेडात आणल्याशिवाय चेहरा दिसायचा नाही. म्हणजे पाचांपैकी एका भांड्याला थांबण्याचा उपाय पुरता लागू पडतो आणि एकाला अर्धा. सुत्तातल्या दृष्टान्ताचे बळ या वेगळेपणात आहे. मन अशुद्ध आहे एवढे म्हणून भागत नाही. ते कोणत्या प्रकारे अशुद्ध आहे हे आधी पाहावे लागते.

अट्ठकथांनी, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या टीकाग्रंथांनी, उपायही त्याप्रमाणे वेगवेगळे दिले. विषयांच्या ओढीवर अशुभभावना, म्हणजे शरीराकडे त्याच्या खऱ्या घटकांसह पाहणे. द्वेषावर मैत्री. सुस्तीवर बेताचे जेवण, मोकळी हवा, प्रकाशाची संज्ञा, म्हणजे मनात उजेडाची जाणीव धरणे. शंकेवर विचारपूस, म्हणजे जाणत्याला गाठून प्रश्न विचारणे. शंका हे पाप नव्हे. ती विचारली नाही तर तिचा चिखल होतो.

गढूळ पाण्यासाठी जुन्या भारतात आणखी एक उपाय होता. निवळीचे बी मडक्याच्या आतल्या अंगाला उगाळायचे आणि मग त्यात पाणी ओतायचे. बियातल्या द्रव्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटीही असेच काम करते. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात निवळीच्या जागी चक्रवर्ती राजाचा पाणी शुद्ध करणारा मणी येतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ओढ्यातून पार झाल्यामुळे पाणी गढूळ होते, राजा पाणी मागतो, सेवक मणी टाकतात, चिखल खाली बसतो आणि शेवाळ बाजूला होते. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला सांगतात की श्रद्धा मनात हे काम करते. श्रद्धा म्हणजे इथे आंधळा विश्वास नव्हे. ज्यामुळे मन प्रसन्न होऊन कामाला लागते ती प्रसन्नता. पण मणी असो की निवळी, त्यांचे काम गाळ बसवण्यापुरते. बसलेल्या गाळाचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथात दिले. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी हा ग्रंथ संपादित करून 1940 साली देवनागरीत मुंबईहून प्रसिद्ध केला. बुद्धघोषाने क्लेशांच्या तीन पायऱ्या मानल्या. पहिली वीतिक्कम, म्हणजे मळ काठ ओलांडून बाहेर येतो: शिवी तोंडातून जाते, हात उगारला जातो. दुसरी परियुट्ठान: हात उगारला जात नाही, पण मन आतून ढवळून निघते. तिसरी अनुशय: वर काहीच हालचाल नाही, पाणी नितळ दिसते आणि गाळ तळाशी झोपलेला असतो, पुढच्या गाडीच्या चाकाची वाट पाहत. पहिलीवर शील, दुसरीवर समाधी आणि तिसरीवर प्रज्ञा, अशी उपायांची वाटणी आहे. शील काठ बांधते, समाधी पाणी स्थिर करते, प्रज्ञा गाळ उपसते.

लोकप्रिय कथा नेमकी दुसऱ्या पायरीवर थांबते, आणि म्हणूनच ती दिशाभूल करते. चार दिवस शांत बसून मन हलके वाटले की काम झाले, असा समज त्यातून पसरतो. घरी परतल्यावर पहिल्याच टोमण्याने तळ ढवळला जातो आणि मग साधना फुकट गेली असे वाटते. साधना फुकट गेलेली नसते. जे झाले त्याला चुकीचे नाव दिलेले असते.

बाहेरच्या पाण्याने आतला मळ जातो का, हा वादही याच श्रावस्तीतला. जेतवन विहारात मळक्या वस्त्राचा दृष्टान्त देऊन बुद्धांनी सोळा उपक्लेश सांगितले: लोभ, द्वेष, क्रोध, वैर, मत्सर, कपट, अहंकार वगैरे. मळक्या कापडावर रंग नीट चढत नाही, तसे मळक्या मनाचे. ऐकणाऱ्यांत सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण होता. त्याने बुद्धांना बाहुका नदीवर स्नानाला येणार का, असे विचारले. वाईट कर्म केलेल्याला नदी शुद्ध करत नाही, सर्व प्राणिमात्रांचे क्षेम चिंतणे हेच स्नान, असे उत्तर त्याला मिळाले. ‘थेरीगाथे’तली पुण्णा याहून रोखठोक आहे. अनाथपिंडिक श्रेष्ठीच्या घरच्या दासीची ही मुलगी मालकिणीच्या धाकाने थंडीत नदीवर पाणी भरायला जायची. त्याच थंडीत कुडकुडत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की पाण्याने पाप जात असेल, तर बेडूक, कासवे आणि मगरी सगळ्यांआधी स्वर्गात जायला हव्यात. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही नेईल, त्याचे काय? पाण्यात रोज राबणाऱ्या बाईला पाणी काय करू शकते आणि काय नाही, हे पंडितापेक्षा चांगले ठाऊक होते. लखनौत आजही कार्तिक पौर्णिमेला गोमतीवर स्नानाला गर्दी होते आणि कतकीचा मेळा भरतो. त्या गर्दीतल्या श्रद्धेला कमी लेखण्याचे कारण नाही. पण पुण्णाचा प्रश्न अडीच हजार वर्षांनंतरही त्याच पाण्याला लागू आहे.

लखनौत या विचाराची आधुनिक परंपराही आहे. भदंत बोधानंद महास्थविरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिसालदार पार्कात बुद्धविहार उभा केला. श्रीलंकेहून आलेले भदंत गलगेदर प्रज्ञानंद पुढे याच विहारात राहिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली त्या सोहळ्यात प्रज्ञानंद सहभागी होते. 2017 साली लखनौतच त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म म्हणजे काय याची जी उत्तरे आहेत, त्यांतले पहिलेच जीवनाची शुचिता राखण्याचे आहे आणि ती काया, वाचा, मन अशी तिहेरी आहे. मनाचा मळ ही एकट्या साधकाची खासगी बाब नव्हे. माणूस माणसाशी कसा वागतो त्यातही तो दिसतो, ही बाबासाहेबांची दृष्टी. जातीच्या गाळाने ढवळलेल्या समाजात ती अधिक खरी आहे. दुसरी धारा ध्यानाची. शहराबाहेर बक्शी का तालाब भागात ‘धम्म लक्खण’ हे विपश्यना केंद्र आहे. इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’प्रमाणेच तिथेही सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरे होतात. त्यात पहिले तीन-साडेतीन दिवस श्वासावर लक्ष ठेवले जाते, म्हणजे पाणी स्थिर केले जाते. विपश्यना त्यानंतर सुरू होते. शरीरातल्या संवेदना उमटतात आणि विरतात, त्यांच्याकडे प्रतिक्रिया न देता पाहायचे असते. ‘सतिपट्ठानसुत्ता’त चित्ताविषयी दिलेली सूचनाही अशीच साधी आहे: मनात राग, म्हणजे आसक्ती असेल तर आहे हे जाणावे, नसेल तर नाही हे जाणावे. ढकलायचे नाही, दडपायचेही नाही. नितळ पाण्यात तळाचे शिंपले, खडे आणि मासे दिसतात, असा दृष्टान्त निकायांत, म्हणजे सुत्तांच्या संग्रहांत, आहे. पाणी निवळायचे ते यासाठी, तळ दिसावा म्हणून.

तळ दिसू लागल्यावर गाळ कोणत्या क्रमाने निघतो, हेही परंपरेने सांगून ठेवले आहे. संगारवाच्या भांड्यांपैकी पाचवे, शंकेचे, सर्वांत आधी स्वच्छ होते. स्रोतापन्न, म्हणजे मुक्तीच्या वाटेवरची पहिली पायरी गाठलेल्याची विचिकित्सा संपते. ओढीचा रंग आणि द्वेषाचा जाळ अनागामी, म्हणजे शेवटून दुसऱ्या अवस्थेत पुरते जातात. औद्धत्याचा वारा मात्र तिथेही मंदपणे वाहत राहतो. तो थांबतो अर्हतपदाला, म्हणजे पूर्ण मुक्तीला पोहोचल्यावर, अविद्येबरोबर, सगळ्यांच्या शेवटी.