नोंदीबाहेरचा माणूस

२००७ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेत एक गमतीदार घोटाळा झाला. तिकडे उन्हाळा जवळ आला की देशाच्या बहुतेक भागांत घड्याळे एक तास पुढे करतात. पूर्वी हा बदल एप्रिलच्या पहिल्या रविवारी होत असे. सरकारने कायदा करून २००७ पासून तो मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणला. माणसांनी वर्तमानपत्रांत वाचून घड्याळे फिरवली. पण खिशात मावणारे छोटे संगणक, ज्यांच्या कॅलेंडरमध्ये लोक भेटीगाठी व वाढदिवस लिहून ठेवत, त्यांना हे कोण सांगणार? त्यांच्या पोटात जुनाच नियम भरलेला होता. त्यामुळे ११ मार्च ते १ एप्रिल या तीन आठवड्यांतल्या भेटी त्यांत एक तास मागेपुढे दिसू लागल्या. काही यंत्रांत तर दिवसभरासाठी केलेली नोंद तासभर सरकून दोन तारखांवर पसरली.

कंपन्यांनी दुरुस्तीचे प्रोग्रॅम काढले, लोकांनी ते आपापल्या यंत्रात भरले आणि प्रश्न मिटला. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चूक यंत्राला कळली नव्हती. ते आपल्या मते बरोबरच चालले होते. चूक उघड झाली, कारण भिंतीवर दुसरे घड्याळ होते आणि तीच भेट दुसऱ्या कुणाच्या वहीतही लिहिलेली होती. ज्याला ताडून पाहायला बाहेर काही उरत नाही, त्याची चूक सुधारत नाही.

भेटीची वेळ चुकली तर फार तर माफी मागावी लागते. माणूसच चुकीचा धरला गेला तर?

३१ डिसेंबर २००३ रोजी खालिद अल् मसरी हे मूळचे लेबनॉनचे, पण जर्मनीचे नागरिक असलेले गृहस्थ बसने प्रवास करीत होते. आजच्या उत्तर मॅसेडोनियाच्या सीमेवर पोलिसांनी त्यांना उतरवून घेतले. त्यांचे नाव एका संशयित अतिरेक्याच्या नावाशी जुळत होते, आणि त्यांचा पासपोर्टही खोटा असावा असा संशय होता. राजधानी स्कोपये येथील एका हॉटेलच्या खोलीत त्यांना २३ दिवस डांबून ठेवले. मग अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या हवाली केले. विमानतळावर त्यांना मारहाण झाली, कपडे फाडून काढले गेले, डोळे बांधून त्यांना अफगाणिस्तानात नेण्यात आले. तेथील गुप्त कोठडीत चार महिने गेले. पासपोर्ट खरा आहे, आपण शोधतो आहोत तो हा माणूस नव्हे, हे लक्षात आल्यानंतरही त्यांना लगेच सोडले नाही. अखेर २८ मे २००४ रोजी अल्बानियातील एका निर्जन रस्त्यावर त्यांना सोडून देण्यात आले. घरी पोहोचले तर घर रिकामे. नवरा कुठे गेला हे पत्नीला कुणीच सांगितले नव्हते; ती मुलांना घेऊन लेबनॉनला निघून गेली होती.

नावाच्या सारखेपणामुळे घोटाळा होणे आपल्याला नवे नाही. आपल्याकडेही एकाच नावाची चार माणसे सापडतात आणि एकाचे पत्र दुसऱ्याच्या घरी जाते. पण ते पत्र परत येते, कारण शेजारी सांगतो, ‘अहो, तो मी नव्हे, तो पलीकडच्या आळीतला.’ अल् मसरी यांच्यासाठी हे वाक्य बोलायला पत्नी होती, शेजारी होते, वकील मिळाला असता. त्यांपैकी कुणालाच ठावठिकाणा नव्हता.

६ सप्टेंबर २००६ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी परदेशांत अशा गुप्त कोठड्या असल्याचे जाहीरपणे मान्य केले. जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा यांनी सीआयएला त्या बंद करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने आपल्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. त्यानुसार किमान ११९ जण या कोठड्यांत होते, आणि त्यांतल्या किमान २६ जणांना डांबणे सीआयएच्या स्वतःच्या निकषांतही बसत नव्हते. आणखी एक गोष्ट त्यात आहे. आपण एकूण किती माणसे धरली याचा नीट हिशेबही संस्थेने ठेवला नव्हता. शंभरापेक्षा कमी, असे ती सांगत राहिली होती. दुकानदार उधारीची वही सांभाळतो. इथे माणसांची वही सांभाळली गेली नाही.

कुणी म्हणेल, अतिरेक्यांशी असेच वागले पाहिजे, त्यांना कसले हक्क? हा प्रश्न आपण झटकून टाकू नये. मुंबईने बॉम्बस्फोटांत आणि २००८ च्या हल्ल्यात आपली माणसे गमावली आहेत. संताप येणे स्वाभाविक आहे. पण त्याच मुंबईने काय केले ते आठवा. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला गुप्त कोठडीत नाहीसा केला नाही. त्याच्यावर न्यायालयात खटला चालला, त्याला वकील दिला गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले. फाशीच्या शिक्षेविषयी ख्रिस्तसभेची भूमिका वेगळी आहे, हे आपण जाणतोच. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्याच खटल्यात हल्ल्याला मदत केल्याचा आरोप असलेले दोन भारतीय पुराव्याअभावी निर्दोष सुटले. संतापाने पेटलेल्या शहरातही दोषी कोण आणि दोष सिद्ध न झालेला कोण हे वेगळे करता आले, कारण सारे उजेडात चालले होते. अंधारात तिघांचीही गत एकच झाली असती.

म्हणून गुप्त कोठडीचा दोष केवळ तिथे मारहाण होते एवढाच नाही. समजा तिथे कुणी बोटही लावले नाही, तरी ती अन्यायाचीच जागा आहे. माणसाला सर्वांच्या वहीतून पुसून टाकले की त्याच्याविषयी झालेली चूक सुधारण्याची वाटच बंद होते. आणि चुका तर आपण सारेच करतो, पोलीस करतात, सरकारेही करतात.

पवित्र शास्त्रातील बंदिवान आठवून पाहा. हेरोदाने योहान बाप्तिस्ताला तुरुंगात टाकले, पण त्याचे शिष्य त्याचा निरोप घेऊन प्रभूकडे येऊ शकले. पेत्र तुरुंगात असताना ख्रिस्तमंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करीत होती. तो कुठे आहे हे तिला ठाऊक होते. संत पौलाने बंदिवासातून पत्रे लिहिली. बंदिवानाला भेटणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण ज्याचा पत्ताच नाही त्याला भेटायला जाणार कसे? गुप्त कोठडी कैद्याचे स्वातंत्र्य हिरावतेच; शिवाय आपल्या हातून घडू शकणारी दयाही हिरावते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मनमानी कारावासाची गणना मानवाच्या प्रतिष्ठेवरील घोर आघातांत केली, ती उगीच नव्हे.

हा विषय दूरदेशीचा वाटेल, पण तो आपल्या पोलीस ठाण्यापर्यंत येतो. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे आपल्या राज्यघटनेचे कलम २२ सांगते. डी. के. बसू यांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अधिक स्पष्ट नियम घालून दिले. अटक होताच तेथेच अटकेचा कागद तयार करावा, त्यावर तारीख व वेळ असावी, घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, अटक झालेल्याचीही घ्यावी, आणि नातेवाईकाला कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. तारीख, वेळ, साक्षीदार. त्या छोट्या कॅलेंडरला जे लागत होते तेच, माणसाच्या बाबतीत.

भारताने माणसे बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर २००७ साली सही केली; त्याला रीतसर मान्यता मात्र अजून दिलेली नाही. ते सरकारचे काम. आपले काम लहान आहे. शेजारचा कुणी मुलगा रात्री पोलिसांनी नेला, तर आपण बहुधा दार लावून घेतो. ‘काहीतरी केले असेल,’ म्हणतो. केलेही असेल. तरी त्याच्या आईबरोबर ठाण्यापर्यंत चालत जावे, अटकेचा कागद कुठे आहे हे नम्रपणे विचारावे, आणि साक्षीदार हवा असेल तर आपले नाव द्यावे. यात कुणाचा गुन्हा झाकला जात नाही. इतकेच होते, की तो मुलगा कुठे आहे हे पोलिसांव्यतिरिक्त आणखी कुणाच्या तरी वहीत लिहिलेले राहते.

अल् मसरी यांना न्याय मिळायला वर्षे लागली. अमेरिकेतील न्यायालयांनी सरकारी गुपितांच्या कारणावरून त्यांचा दावा ऐकलाच नाही. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १७ न्यायाधीशांनी एकमताने मॅसेडोनियाला दोषी ठरवले व त्यांना ६०,००० युरो देण्यास सांगितले. त्यांच्या आयुष्यातील ते जवळजवळ पाच महिने आता निदान त्या निकालपत्रात तारखांसह लिहिलेले आहेत.