मेन्टेनन्स किमो आणि नागपूरचा रस्ता

स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरल्यावर कळला, तर डॉक्टर वर्षांत नाही, महिन्यांत बोलतात. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना स्वादुपिंडाचाच कर्करोग होता; त्यांच्यासाठी मुंबई, अमेरिका, दिल्ली सगळी दारं उघडी होती. फेब्रुवारी २०१८मध्ये ते रुग्णालयात दाखल झाले आणि १७ मार्च २०१९ला गेले. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या रुग्णाला तेवढा काळ मिळालाच, तरी त्यातून आधी रस्ता वजा होतो. मेन्टेनन्स किमोचा विचार या वजाबाकीपासून सुरू व्हावा, असं मला वाटतं.

फोल्फिरिनॉक्स हा चार औषधांचा मारा. २०११च्या फ्रेंच चाचणीत नुसत्या जेमसिटाबाइनवर मध्यक आयुष्य ६.८ महिने होतं, फोल्फिरिनॉक्सवर ११.१. दर चौदा दिवसांनी सलाइन, शिवाय ४६ तास पंपातून औषध. फार काळ हे शरीराला झेपत नाही. म्हणून काही महिन्यांनी गाठ आटोक्यात असेल, तर जड औषधं थांबवून हलकं एखादं चालू ठेवतात; हीच मेन्टेनन्स किमो. फ्रान्समध्येच याची परीक्षा झाली: एका गटाला सहा महिने पूर्ण मारा, दुसऱ्याला चार महिने मारा आणि पुढे त्यातलं फक्त फाइव्ह-एफयू. आयुष्य १०.१ आणि ११.२ महिने, म्हणजे जवळपास सारखंच. पण दुसऱ्या गटाची जगण्याची प्रत जास्त काळ टिकली. हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास मात्र त्याच गटात अधिक दिसला. आजार वाढल्यावर त्या चारांपैकी ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध पुन्हा सुरू केल्याने त्याची एकूण मात्रा वाढली होती.

ओलापॅरिब या गोळीचा गाजावाजा झाला तो २०१९मध्ये. बीआरसीए जनुकात जन्मजात बिघाड असलेल्यांत आजार ७.४ महिने थोपला, औषध नसलेल्या नकली गोळीवर (प्लासिबो) ३.८. एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही, आणि असा बिघाड तपासलेल्यांपैकी जेमतेम ७.५ टक्क्यांत सापडला. स्कॅनवर गाठ न वाढणं म्हणजे माणूस जास्त जगणं नव्हे, हे घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं. बहुतेकदा सांगितलं जात नाही.

आता गडचिरोली. नागपूर इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि भामरागडहून गडचिरोली गाठायलाच जवळपास तेवढं अंतर. पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. सोबत येणाऱ्याची रोजी बुडते ती वेगळीच. फाइव्ह-एफयूऐवजी कॅपेसिटाबाइनची गोळी दिली, तर पंप सुटतो, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. अशा पायांनी रोवणीच्या चिखलात उतरता येत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर गार पाण्यात हात घातला तरी झिणझिण्या येतात. आणि ताप! राज्यात मलेरिया फार असलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक, म्हणून इथे ताप आला की बोटातून रक्त काढून आधी मलेरिया बघतात. तसंच बघायला हवं. पण किमो चालू असलेल्याच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील, तर त्याला तासाभरात अँटिबायोटिक लागतं, मलेरियाची चाचणी काहीही सांगो. गावपातळीवर हे ठाऊक नसेल, तर मेन्टेनन्सची साधी गोळीही जीव घेऊ शकते.

तरीही हलकी किमो हीच या जिल्ह्याला पेलणारी किमो आहे. २०१८मध्ये राज्याने टाटा मेमोरियलच्या मदतीने जिल्हा रुग्णालयांत मोफत किमो देण्याची योजना आखली, तेव्हा पहिल्या दहा जिल्ह्यांत गडचिरोली होतं. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाच्या डे-केअर केंद्रांचा शब्द दिला. जड मारा नागपुरात आणि पुढचं सगळं जिल्ह्यात, अशी वाटणी शक्य आहे. टाटा मेमोरियलनेच २०२०मध्ये दाखवलं की डोकं-मानेच्या प्रगत कर्करोगात स्वस्त गोळ्या सिस्प्लॅटिनच्या सलाइनपेक्षा सरस ठरल्या: ७.५ महिने, विरुद्ध ६.१. तो निकाल स्वादुपिंडाला लावता येणार नाही. पण आपल्या रुग्णाला परवडेल ते आपणच तपासायचं, ही रीत इथेही हवी.

काहींसाठी किमो न घेणं हाच बरा निर्णय असेल. त्यांना पोटदुखीवर मॉर्फिन, पचनासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल आणि कावीळ झाल्यास स्टेंट मिळाला पाहिजे. हे मिळत नसेल, तर किमो नाकारण्याच्या स्वातंत्र्याला अर्थ नाही.

नागपूर-मुंबईच्या कर्करोगतज्ज्ञांना एवढंच सांगणं आहे: परत पाठवताना चिठ्ठीवर मराठीत तीन गोष्टी लिहा. पुढची मात्रा जिल्ह्यात कुठे मिळेल, ताप आल्यास त्याच दिवशी काय करायचं आणि काय दिसल्यावर औषध थांबवायचं.