वाटेतली घट

नोकरीच्या निमित्ताने ज्यांचे आयुष्य महाराष्ट्राबाहेर गेले, त्यांच्या आठवणींत रेल्वेची स्टेशने पुष्कळ असतात, रस्ते कमी. आमचे उलट आहे. आमची उमेदीची वर्षे मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागात गेली, आणि कचेरीच्या खिडकीतून आम्हांला रूळ दिसत नसत. बडोद्याकडून इंदूरकडे येणारा रस्ता दिसे. त्या रस्त्याने कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातले पेट्रोल टँकरमधून आमच्या खात्याच्या भांडारात येई. ते मोजून घेणे, आणि कमी भरल्यास तसे लिहून सही करणे, हे आमचे काम होते. ह्या ‘कमी भरल्यास’विषयीच आज लिहावयाचे आहे. त्याला पन्नास वर्षे होत आली. पण काही गोष्टी निवृत्तीबरोबर निवृत्त होत नाहीत.

ज्यांनी ते टँकर जवळून पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टाटा किंवा लेलँडच्या सांगाड्यावर बसवलेली १२,००० लिटरची लांबोडकी टाकी. आत चार-चार हजारांचे तीन कप्पे. प्रत्येक कप्प्याला वर झाकण, खाली तोटी, आणि दोन्हींना तार ओवून ठोकलेले शिशाचे सील. मागे एक साखळी रस्त्यावर घासत येई. हेलकाव्यांनी तेलात जी वीज साठते ती जमिनीत उतरावी म्हणून. एग्झॉस्टच्या तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी. विडी ओढावयाची तर गाडीपासून दूर शेतात जाऊन ओढावी लागे. गोध्रा, दाहोद, पिटोलचा नाका, झाबुआ, आणि मग माछलियाचा घाट, जेथे लुटारूंच्या भयाने रात्री एकट्याने गाडी काढावयास कोणी धजत नसे. चार-सहा गाड्या जमल्या की जथा निघे. पुढे ड्रायव्हर, शेजारी पेंगणारा क्लीनर, आणि पाठीमागे बारा हजार लिटर परक्याची ठेव.

वाहतूक कंपनी म्हणजे तरी काय असे? नाक्याजवळची एक खोली, तीत एक बाज, टेलिफोन, गुरू नानकांची तसबीर आणि मुनीम. मालक एके काळी स्वतःच ड्रायव्हर असे. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या कित्येकांनी हप्त्यावर घेतलेल्या एका लॉरीपासून हा धंदा उभा केला होता. प्रत्येक ड्रायव्हरचे खाते मुनिमाच्या वहीत असे : उचल, भत्ता, फुटलेला टायर, नाक्यावरचा दंड, आणि ‘घट’. आमचे खाते घटीची रक्कम कंपनीच्या बिलातून कापी, आणि कंपनी ती ड्रायव्हरच्या खात्यावर टाकी. पाणी जसे उताराकडे धावते तशी तूटही शेवटी सर्वांत खालच्या माणसापाशी येऊन थांबे.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, दुसऱ्या भागाच्या आरंभी, ग्लॉकन एक कथा सांगतो. लिडियातील एका मेंढपाळाला एक अंगठी सापडते. ती फिरवली की तो अदृश्य होतो. पाहणारे कोणी नाही असे कळताच तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. अशी अंगठी बोटात असता कोण सचोटीने वागेल, हा ग्लॉकनचा प्रश्न. ही कथा आम्ही विद्यार्थिदशेत वाचली होती. ती खरी कळली ती भांडारात आल्यावर. कारण घाटातल्या रात्री टँकरच्या ड्रायव्हरच्या बोटात ती अंगठीच असे. सील उकलून पुन्हा बेमालूम बसवणारे हात वाटेत होते, काढलेले तेल विकत घेणारे ढाबे होते, आणि काढलेल्या पेट्रोलच्या जागी रॉकेल ओतण्याची विद्याही होती. तरी बहुतेक गाड्या पुऱ्या भरून येत. ह्याचे श्रेय आम्ही सीलला देत असू. माणसाला द्यावे असे आमच्या मनात क्वचितच आले.

परंतु ग्लॉकन तेथे थांबत नाही, हे आम्ही विसरलो होतो. तो पुढे म्हणतो की न्यायी माणसाची परीक्षा घ्यावयाची तर त्याच्यापाशी न्यायाखेरीज काही ठेवू नये. त्याचा लौकिकसुद्धा काढून घ्यावा. तो निर्दोष असून जगाने त्याला अपराधी मानावे, शिक्षा करावी, आणि तरीही तो न्यायीच राहतो का ते पाहावे. अदृश्य चोराची गोष्ट सर्वांना आठवते. चोर ठरलेल्या सज्जनाची आठवत नाही, कारण ती घडवून आणण्यास अंगठी लागत नाही. एक छापील फॉर्म आणि आमच्यासारख्याची सही पुरते.

१९७५ च्या जानेवारीतली गोष्ट. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला होता, आणि लिटरालिटराचा हिशेब मागणारी परिपत्रके आमच्या टेबलावर साचत होती. एके दिवशी पहाटे एक वयस्क सरदारजी गाडी घेऊन आले. दोन रात्री वाटेत गेल्या होत्या. दाढीवर दव होते. सील शाबूत. वर चढून आमच्या माणसाने मापाची पट्टी बुडवली; तिन्ही कप्प्यांत ओली रेघ खुणेच्या खाली, बोटाच्या रुंदीइतकीही नाही, पण खाली. हिशेब ६१ लिटर कमी. करारात घटीला माफी नव्हती.

“साहब, तेल ठंड से बैठ गया है,” ते म्हणाले, “चोरी नहीं हुई.”

रोज कोणी ना कोणी काही ना काही सांगे. आम्ही फॉर्म पुढे केला. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. गुरुमुखीत सावकाश सही केली आणि टाकी रिकामी झाल्यावर, नियमाप्रमाणे, प्रत्येक झाकण उघडून आत थेंब उरला नसल्याचे दाखवले. तसे करण्याची त्या दिवशी त्यांना काही गरज नव्हती असे आज वाटते.

पुढे सुमारे दीड वर्षाने आमच्या एका शेजाऱ्याने, ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत, सहज बोलता बोलता सांगितले की पेट्रोल उष्णतेने बरेच फुगते आणि थंडीने तितकेच आकसते. बारा हजार लिटरला एका अंशामागे साधारण ११ लिटर. आम्ही दुसऱ्याच दिवशी जुनी चलने काढली. प्रत्येक चलनाच्या कोपऱ्यात तेल भरतेवेळचे तपमान आणि घनता लिहिलेली होती. ती पहिल्यापासून तेथे होती. आमच्या कचेरीत ती कोणी वाचीत नसे, कारण आमच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता. सरदारजींच्या चलनावर ३१ अंश होते. त्या पहाटे टाकीतले तेल साडेपाच अंशांनी निवले असेल, तर ६१ लिटरचा हिशेब तेथेच पुरा होत होता.

निवले असेल, तर. आम्ही थर्मामीटर लावला नव्हता. त्यामुळे ते निर्दोष होते असेही आम्हांला म्हणता येत नाही, आणि हीच आमच्या अपराधाची जात आहे. चूक निर्णय दिला असता तर तो कधी तरी सुधारता आला असता. आम्ही निर्णयाचे साधनच हाती घेतले नाही, आणि त्या माणसाचे खरेपण कायमचे अनिर्णीत करून ठेवले.

येथे आमचे काही वाचक, जे आजही अशाच खुर्च्यांवर आहेत, म्हणतील की प्रत्येकाची थंडी ऐकत बसलो तर भांडार रिकामे होईल. हा आक्षेप हलका नाही. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम ह्यांचा खून झाला, तो भेसळीच्या पंपावर त्यांनी केलेल्या कारवाईमुळे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांनी टँकरमधून होणारी तेलचोरी डोळ्यांनी पाहिली, ते थांबले, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. ही बातमी वाचली त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. ज्यांनी असे प्राण दिले त्यांच्यापुढे उभे राहून ‘ड्रायव्हरवर जरा विश्वास ठेवावयास हवा होता’ असे म्हणण्यास जीभ कचरते.

तरीही आम्हांला वाटते की हे दोघे अधिकारी आणि आम्ही एका बाजूचे नव्हतो. ते प्रत्यक्ष जाऊन पाहत होते. आम्ही खुर्चीत बसून कमी भरलेल्या प्रत्येक टाकीला एकच अर्थ देत होतो. कडक असणे निराळे आणि न पाहणे निराळे. दोन्हींच्या शेवटी सही सारखीच दिसते, एवढेच. आता टँकरच्या हालचाली उपग्रहाच्या साहाय्याने दिसतात, झाकणांना विद्युत्-कुलुपे आली आहेत. अंगठीचा प्रश्न त्यांनी पुष्कळसा सुटला असेल. दुसरा प्रश्न कुलुपाने सुटणारा नाही, कारण तो कुलूप लावणाऱ्याविषयीचा आहे.

आम्ही त्यावेळी काय केले ते सांगावयास हवे. तपमानाचा रकाना असावा म्हणून एक टिपण वर पाठवले. दोन स्मरणपत्रांनंतर नवा फॉर्म आला, त्यात तो रकाना होता. मागील कपातींचा प्रश्न आम्ही त्या टिपणात काढला नव्हता. काढला असता तर सह्या कोणाच्या, हा प्रश्न आधी आला असता. धैर्याचा अभाव किती नीटनेटक्या मसुद्यात मावतो, हे तेव्हा कळले.

नंतर एकदा नाक्याकडे जाणे झाले तेव्हा वाहतूक कंपनीच्या खोलीत शिरलो आणि त्या सरदारजींची चौकशी केली. ते गाडी सोडून गावी, पंजाबात, गेले होते. आम्ही घटीच्या पैशांविषयी काही विचारणार, तोच मुनिमाला वाटले की सरकारचे काही येणे राहिले असावे. तो लगबगीने उठला, जुनी वही काढली, पान शोधून आमच्यासमोर उलटे करून धरले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “नहीं साहब, उनका हिसाब एकदम साफ है. एक-एक पैसा चुका के गये.”