नाव कोणाचे, शब्द कोणाचे?

एखाद्या धर्मग्रंथाचा कर्ता म्हणून परंपरेने ज्याचे नाव घेतले, तो त्याचा कर्ता नव्हता असे उद्या सिद्ध झाले, तर त्या ग्रंथाचे काय बिघडते? काहीच बिघडत नाही, असे भाविक म्हणतो. सगळेच बिघडते, असे शंकेखोर म्हणतो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. प्रश्न केवळ पंडितांचा नाही, तो नीतीचाही आहे. आणि तो सोडवण्यासाठी ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या ग्रंथांइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे कठीण. कारण गेल्या दोन-अडीचशे वर्षांत जगातील दुसऱ्या कोणत्याही धर्मग्रंथाची इतकी कसून उलटतपासणी झालेली नाही, आणि ती करणाऱ्यांत त्याच धर्माचे श्रद्धावान लोक आघाडीवर होते.

सुरतकर मराठी माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायवी यांनी १८२० च्या सुमारास नव्या कराराचे गुजराती भाषांतर येथेच केले आणि येथेच छापले. पुढे १८४४ साली याच शहरात दुर्गाराम मेहताजी व मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 'मानवधर्म सभा' स्थापन केली. ग्रंथ कोणाचाही असो, तो बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावा, हा विचार तेव्हा तापीकाठी उघडपणे मांडला गेला. योगायोग असा की, त्याच १८४४ साली टिशेनडॉर्फ या जर्मन विद्वानाला सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मठात चौथ्या शतकातील ग्रीक बायबलची पाने प्रथम दिसली. पुढल्याच वर्षी, १८४५ मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी पाठभेदांसह ज्ञानेश्वरी छापली. तीन ठिकाणची माणसे, पण वृत्ती एकच.

आता मूळ विषयाकडे वळू. नव्या करारात सत्तावीस ग्रंथ आहेत. त्यांतील चार शुभवर्तमाने मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावांनी प्रसिद्ध आहेत. परंतु त्या ग्रंथांच्या मूळ मजकुरात लेखकाने आपले नाव कोठेही सांगितलेले नाही. येशूला क्रूसावर दिले ते इसवी सन ३० च्या आसपास. सर्वांत जुने मानलेले मार्कचे शुभवर्तमान ७० च्या सुमाराचे, म्हणजे रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले त्या काळचे. मत्तय व लूक त्यानंतरचे, आणि योहान बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरचे. मार्कमधील बहुतेक मजकूर मत्तयाने थोड्याफार फरकाने उचलला आहे, तेव्हा मत्तयापुढे मार्कची प्रत होती असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. प्रत्यक्ष पाहिलेला शिष्य न पाहिलेल्याच्या ग्रंथावर इतका विसंबेल काय, हा मग साहजिकच पुढचा प्रश्न. मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि त्याने आठवेल ते, पण क्रमाने नव्हे, लिहून ठेवले, अशी माहिती दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा पापियास देतो. चारही नावे एकत्र व ठामपणे सांगणारा इरेनियस हा १८० च्या सुमाराचा. म्हणजे ग्रंथ आधी आला, त्याचे शीर्षक मागाहून स्थिर झाले.

पौलाच्या पत्रांची गोष्ट निराळी आहे. त्याच्या नावावर तेरा पत्रे आहेत. त्यांतील रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले व फिलेमोनास अशी सात पत्रे त्याचीच, याबद्दल अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे. तीमथ्य व तीत यांना लिहिलेली तीन पत्रे मात्र पौलाच्या मागे एक-दोन पिढ्यांनी लिहिली गेली असावीत, असे बहुतेकांचे मत आहे. त्यांतील शब्दसंग्रह वेगळा, आणि मंडळीची घडी पौलाच्या हयातीत नव्हती इतकी पक्की बसलेली.

ज्यांनी आयुष्य सरकारी दप्तरात घालवले आहे, त्यांना यातील काही गोष्टींचे नवल वाटणार नाही. मसुदा कारकून करतो, सही साहेबाची होते, आणि तरी पत्र साहेबाचेच असते. रोमकरांस पत्राच्या शेवटी ते लिहून घेणारा तर्तियस स्वतःच्या नावाने नमस्कार कळवतो. त्यामुळे ते पत्र पौलाचे नाही असे कोणी म्हणत नाही. कारण साहेबाने मजकूर ऐकला आहे, त्याची जबाबदारी घेतली आहे. पण साहेब निवृत्त झाल्यावर, किंवा निधन पावल्यावर, त्यांच्या नावाने कोणी हुकूम काढला तर? हेतू कितीही चांगला असला तरी कोणतीही कचेरी त्याला हुकूम म्हणणार नाही.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सोडवण्यासाठी आम्ही तीन गोष्टी वेगळ्या करू इच्छितो. पहिली, लेखकाने नाव दिलेच नाही आणि वाचकांनी ते मागून जोडले. शुभवर्तमानांचे असे झाले. येथे लेखकाकडे कसलाही दोष जात नाही. दुसरी, लेखकाने जाणूनबुजून दुसऱ्याचे नाव धारण केले. तिसरी, नकलकाराने मूळ मजकुरात आपली भर घातली.

दुसऱ्या प्रकाराचे समर्थन असे करतात की, शिष्याने गुरूच्या नावाने लिहिणे ही त्या काळची रीत होती, त्यात फसवणूक नसून विनय होता. हे समर्थन आम्हांला पूर्णपणे पटत नाही, कारण त्या काळच्या लोकांनाच ते पटत नव्हते. आशिया प्रांतातील एका धर्मोपदेशकाने पौलाच्या नावाभोवती एक ग्रंथ रचला. उघडकीस आल्यावर 'पौलावरील प्रेमापोटी केले' असे त्याने सांगितले, तरी त्याला पदावरून दूर व्हावे लागले, असे तेर्तुलियन दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधीवर नमूद करतो. म्हणजे प्रेम हा खुलासा होता, माफी नव्हती.

यावर कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? उपदेश चांगला असला म्हणजे झाले. पण हे सर्वच उपदेशांना लागू पडत नाही. दया करा, क्षमा करा, असे सांगणारे वचन कोणाचेही असो, त्याची सत्यता आपण आचरणात पडताळून पाहू शकतो. 'अमुक घडले' असे सांगणाऱ्या वचनाला मात्र साक्षीदार कोण हे विचारावेच लागते. आणि तिसरा एक वर्ग आहे, ज्याचे सारे बळ नावातच असते. स्त्रीने शिकवू नये, निमूट राहावे, असा आदेश तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. शतकानुशतके तो पौलाचा म्हणून पाळला गेला. तो पौलाचा नसेल, तर ज्या असंख्य स्त्रियांची वाचा त्या नावाने बंद झाली, त्यांचा हिशेब कोणी द्यायचा? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. ग्रंथ मान्य, पण त्याचा अर्थ दुसऱ्याने सांगितला म्हणून मान्य करणार नाही, ही बाईंची भूमिका होती. पुढे त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली निधनापूर्वी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले. मुळापर्यंत जाण्याचा अधिकार त्यांनी कष्टाने मिळवला होता.

तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे मागाहून घातलेल्या भरीचे, उदाहरण अधिक नाजूक आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोक दगडांनी मारू पाहतात, आणि ज्याने पाप केले नसेल त्याने पहिला दगड उचलावा असे सांगून येशू तिला वाचवतो, ही कथा ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध हस्तलिखितांत ती नाही. पाचव्या शतकाच्या एका हस्तलिखितात ती आढळते. म्हणजे ज्या कथेत त्या ग्रंथाचा आत्मा सर्वांत स्पष्ट दिसतो, तीच मूळ ग्रंथात नव्हती. मग ती काढून टाकावी काय? आजच्या चिकित्सक आवृत्त्यांनी फार समंजस तोड काढली आहे. कथा ठेवली आहे, पण कंसात. जमिनीच्या हक्कपत्रकाशी ज्यांचा संबंध आला त्यांना ही रीत लगेच ओळखू येईल. फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस करतात, ते खोडून टाकत नाहीत, कारण हक्क कसा बदलत गेला हेही पुढच्याला कळले पाहिजे. कंस हा अपमान नव्हे. तो प्रामाणिकपणा आहे.

हे सर्व परक्यांचे म्हणून आम्ही मोठ्या रसाने वाचतो, आणि धोका येथेच आहे. मराठी मुलखात एकोणिसाव्या शतकात जे धर्मवाद झाले, त्यांत दोन्ही बाजूंकडे दोन मापे होती. १८३१ च्या सुमारास जॉन विल्सन व मोरभट दांडेकर, आणि १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी, यांच्यात झालेले वाद पाहावेत. प्रत्येकाने समोरच्याच्या ग्रंथातील विसंगती नेमकी हेरली आणि स्वतःचा ग्रंथ चिकित्सेपलीकडे ठेवला. पुराणांची चिरफाड चालली होती, त्याच सुमारास जर्मनीत डेव्हिड स्ट्राउसच्या १८३५ च्या येशूचरित्राने शुभवर्तमानांबद्दल तेच प्रश्न विचारले होते, हे येथील श्रोत्यांना कोण सांगणार?

आपल्या घरातील पोथ्यांकडे त्याच मापाने पाहू. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२, म्हणजे १२९० ची. तिचा पाठ नाथांनी शुद्ध केला तो शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत प्रतींत इतकी गल्लत झाली होती की, नाथांसारख्या पुरुषाला हे काम अंगावर घ्यावे लागले. आपली ओवी मध्ये घुसडणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे, अशा अर्थाचा कडक इशारा त्यांनी दिला. ज्ञानेश्वरीकार व अभंगकार ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद शिवरामपंत भारदे यांनी १८९८ च्या सुमारास उपस्थित केला, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! तुकोबांच्या नाममुद्रेने इतरांनी रचलेले अभंग, हाही जुनाच प्रश्न. मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या गाथेसाठी विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, पंढरपूर येथील प्रती ताडून पाहिल्या. याच विष्णुशास्त्र्यांनी विधवाविवाहासाठी १८७० च्या पुण्यातील वादात शास्त्रवचने पुढे मांडली होती. वचन कोणाचे व किती जुने, याचा शोध घेणारा आणि विधवेच्या दुःखाने कळवळणारा माणूस एकच होता, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

दोन्ही परंपरांच्या मध्यभागी उभा असलेला एक ग्रंथ मराठीतच आहे. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्येही ते छापले गेले, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून सलढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते रोमन लिपीत पुन्हा छापले. लंडनच्या मार्सडन संग्रहात मिळालेली प्रत देवनागरीत आहे आणि तिच्यात संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे. फादरांचे मूळ शब्द कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. येथे कर्त्याचे नाव निश्चित, पण शब्द अनिश्चित. शुभवर्तमानांत शब्द पुष्कळसे निश्चित, पण नाव अनिश्चित. नाव व शब्द हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे यावरून कळावे.

मग सामान्य वाचकाने काय करावे? तापीच्या २००६ च्या पुरात सुरतेतील कितीतरी घरांचे कागद भिजले. ज्या पोथ्या उरल्या, त्या आता ज्यांना मोडी येत नाही व मराठीही जेमतेम वाचता येते अशा नातवंडांच्या हाती जाणार आहेत. ती मुले विचारणार, 'आजोबा, हे खरेच त्यांनी लिहिले?' त्यांना गप्प बसवले तर ती पोथी बंद करतील. 'सगळे थोतांड' असे सांगितले तरी बंदच करतील. आमच्या मते त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात. कोणते निश्चित आहे व कोणते नाही, हे नीट वेगळे करून सांगावे. दुसऱ्याच्या ग्रंथाला जे माप लावाल तेच आपल्या ग्रंथाला लावा, कमी नाही आणि जास्तही नाही. आणि नावाच्या बळावर कोणा जिवंत माणसावर बंधन घालू पाहणारे वचन समोर आले, तर त्या नावाचा पुरावा मागण्यास कधीही कचरू नका.

पुरावा मागणे म्हणजे अश्रद्धा, असे मानणाऱ्यांनी नाथांचे स्मरण करावे. ज्ञानेश्वरीवर त्यांच्याइतके प्रेम कोणी केले असेल? आणि प्रत्येक ओवी ताडून पाहिल्याशिवाय ती पुढे न देणारेही तेच होते.