सिनेमा आपल्याला कुणाच्या बाजूने उभं करतो?

आजचे वचन : २ शमुवेल १२:१-७



शनिवारची रात्र, जेवणं उरकलेली, आणि घरोघरी एकच प्रश्न : आज काय बघायचं? ख्रिस्ती घरात त्याच्यामागे आणखी एक प्रश्न असतो : हे बघावं का? बहुतेक वेळा आपण मोजून उत्तर देतो. शिव्या किती, चुंबनं किती, सर्टिफिकेट कोणतं. सेन्सॉर बोर्डही आता जास्त बारकाईने सांगतं. २०२४ च्या नियमांनी 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. आईबाबांनी ते जरूर बघावं. पण सर्टिफिकेट फक्त वय सांगतं. ती गोष्ट आपल्या मनाला कुठे नेईल, हे ते सांगू शकत नाही.

आता दाविदाचं बघा. त्याने उरीयाच्या बायकोला आपल्याकडे आणलं आणि ते झाकण्यासाठी उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नुसतं मोजायचं म्हटलं तर हा अकरावा अध्याय मुलांसमोर वाचताच येणार नाही! तरी देवाने तो शास्त्रात ठेवला. का? कारण तिथे पाप दाखवलंय, पण गोड करून दाखवलेलं नाही. अध्याय संपतो तो देवाच्या नाराजीवर.

मग नाथान संदेष्टा येतो. तो थेट दोष देत नाही, एक गोष्ट सांगतो. एक श्रीमंत, एक गरीब, आणि त्या गरिबाची एकुलती एक लहानशी मेंढी. दावीद लगेच गरिबाची बाजू घेतो, संतापतो, शिक्षाही सुनावतो. तेव्हा नाथान बोट त्याच्याकडेच वळवतो. आरोपाला जे दार उघडलं नसतं, ते गोष्टीने उघडलं.

गोष्टीची ताकद हीच आहे. ती आपल्याला नकळत कुणाच्या तरी बाजूने उभं करते. म्हणून सिनेमात काय दाखवलंय एवढंच विचारून भागत नाही. तो मला कुणाच्या बाजूने उभं करतोय, हेही विचारावं लागतं.

आपल्या घरांत काय होतं? चुंबनाचं दृश्य आलं की रिमोटसाठी धावपळ. दहा मिनिटांनी हीरो एकेकाला तोडत सुटतो, तेव्हा रिमोट टीपॉयवर शांत पडलेला असतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. मुलं दोन्ही बघतात. आईबाबांना कशाची लाज वाटते आणि कशाची मजा वाटते, हे ती तिथेच शिकतात. रोमकरांस पत्र १२:१९ सूड देवावर सोपवायला सांगतं. आपण मात्र तीन तास सूड पुरा व्हावा म्हणून श्वास रोखून बसलो. मग तो सिनेमा 'स्वच्छ' होता का?

उलट नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आठवा. त्यात जातीवरून हिणवणं आहे, बघताना त्रास होतो. जब्याचं कुटुंब डुकरं पकडत असतं आणि त्याच्या वर्गातली मुलं हसत असतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या दिशेने येतो. नाथानाचं बोट असंच वळलं होतं. त्या हसणाऱ्यांत मी आहे का? मंडळीत बसून आडनावावरून माणूस जोखणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रश्न ऐकायला हवा.

मग कुणी म्हणेल, मेसेज चांगला असला की काहीही चालेल? नाही. दाविदाची घसरण गच्चीवरून बघत राहण्यापासूनच सुरू झाली. मत्तय ५:२८ मध्ये प्रभूने नजरेला हलकं घेतलेलं नाही. शिवाय सोफ्यावर आपण एकटे नसतो. १ करिंथ ८ मध्ये पौल म्हणतो, माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी ते सोडेन. तुम्हाला जो सीन काहीच वाटत नाही, तोच शेजारी बसलेल्या भावाची जुनी लढाई परत पेटवू शकतो, किंवा धाकटीची झोप उडवू शकतो. तिथे सिनेमा बंद करणं म्हणजे प्रीतीच आहे.

या आठवड्यात एक करून बघा. सिनेमा संपल्यावर लगेच मोबाइल हातात घेऊ नका. पाच मिनिटं घरात बोला. आपण कुणासाठी टाळ्या वाजवल्या? कुणावर हसलो? ज्याच्यावर हसलो, त्याच्या शेजारी प्रभू येशू बसला असता का? मुलांना आधी बोलू द्या. पुढचा सिनेमा कोणता बघायचा, हे ठरवणं मग सोपं जाईल.

प्रार्थना : प्रभू, आमचे डोळे सांभाळ. गोष्टीत आम्ही कुणाची बाजू घेतो, हे आम्हाला दिसू दे. आणि तुझं बोट आमच्याकडे वळलं, तर दाविदासारखं कबूल करायला आम्हाला नम्र मन दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.