दहा दिवसांचं पाणी

मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. तिथे दोघा भावांनी शेजारीशेजारी घरं बांधली. थोरल्याने जाणकाराला विचारून स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं, सिमेंट आणलं. निवड अगदी योग्य होती: त्याचं काँक्रीट नीट पिकलं की खारं क्लोराइड सळईपर्यंत पोचायला फार वर्षं लागतात. धाकट्याला ते मिळालं नाही. त्याने साधं 53 ग्रेड घेतलं.

पण स्लॅगचं सिमेंट सावकाश ताकद धरतं. त्याला निदान दहा दिवस पाणी हवं. थोरल्याला दिवाळीपूर्वी पर्यटकांसाठी खोल्या उघडायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी पाणी थांबलं. सळईला काँक्रीटच्या कडेपासून आत धरणारे कव्हर ब्लॉकही कोणी लावले नाहीत. धाकट्याने मात्र सळईवर काँक्रीटचं 45 मिलिमीटर कव्हर राखलं, खांबांना गोणपाट गुंडाळलं आणि दहा दिवस नवराबायकोने ते वाळू दिलं नाही. कोकणात सिमेंटचा ग्रेड सगळे विचारतात. पाणी कोण मारणार, किती दिवस, हे विचारणारा क्वचित भेटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

बारा वर्षांत थोरल्याच्या खांबांना सळईच्या रेषेत उभ्या भेगा पडल्या. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो आतून काँक्रीट फोडतो.

"या सिमेंटने माझा घात केला!" थोरला इंजिनिअरला म्हणाला.

इंजिनिअरने दोन्ही घरांच्या खांबांचा थोडा भाग फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं. धाकट्याकडे गुलाबी रंग उमटला. थोरल्याकडे सळईपर्यंत रंगच नाही.

"काँक्रीट अल्कधर्मी असतं तोवर ते असं गुलाबी होतं आणि सळईवर संरक्षक थर टिकतो. तुमच्याकडे हवेने तो गुण संपवलाय. तो गुण देणारा चुना या सिमेंटात मुळात कमी. पाणी मिळालं की छिद्रं बुजतात, मग तेवढा चुना पुरतो. तुमची छिद्रं उघडीच राहिली."

"म्हणजे धाकट्याचंच सिमेंट चांगलं?"

"नाही दादा. खार त्यांच्याही सळईकडे निघालाय. तुमच्या सिमेंटाला त्यांच्याइतकं पाणी आणि कव्हर मिळालं असतं, तर तुमचं घर जास्त टिकलं असतं."

थोरला बराच वेळ बोलला नाही. नव्या खांबांसाठी त्याने पुन्हा स्लॅगचंच सिमेंट मागवलं, धाकट्याकडून गोणपाट आणलं आणि नाताळात येणाऱ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं, की खोल्या आता संक्रांतीनंतरच मिळतील.